महाधिवक्ता म्हणजे कोण, आणि आमच्या मावेजाच्या केसमध्ये ते उभे राहतात का?

तुमचा प्रश्न असा आहे: वडिलांची जमीन तलावात गेली, वाढीव मावेजाचं (नुकसानभरपाईचं) प्रकरण औरंगाबाद खंडपीठात पडून आहे, आणि बातम्यांत ‘महाधिवक्त्यांनी शासनाची बाजू मांडली’ हे ऐकून घरात चर्चा सुरू झाली की एवढा मोठा वकील आपल्याविरुद्ध उभा राहणार का. शिवाय हे पद आलं कुठून, हेही तुम्ही विचारलंय. मी मूळचा परभणीकडचा, वकिली याच खंडपीठात करतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी घरच्यांची काळजी मिटवू. मावेजाच्या अपिलात महाधिवक्ता, म्हणजे राज्य शासनाचे सगळ्यात वरचे वकील, स्वतः येणं जवळपास होतच नाही. तिथे शासनातर्फे उभे राहतात ते खंडपीठातल्या सरकारी वकील कार्यालयाचे सहायक सरकारी वकील, ज्यांना कोर्टात सगळे एजीपी म्हणतात. महाधिवक्ता मुंबईत बसतात. एखाद्या कायद्याची घटनात्मकता, आरक्षण, निवडणुका असा संपूर्ण राज्याला लागू होणारा विषय असला की ते नागपूरला किंवा आमच्याकडे येऊन युक्तिवाद करतात.

पद घटनेतलं आहे, अनुच्छेद 165. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची पात्रता असलेल्या व्यक्तीला राज्यपाल नेमतात, म्हणजे साधारणपणे उच्च न्यायालयातली किमान 10 वर्षांची वकिली हवी. काम म्हणजे राज्य शासनाला कायद्याचा सल्ला देणं आणि सोपवलेली कायदेशीर कामं करणं. ठरावीक मुदत नाही, राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पद. न्यायाधीशासारखी निवृत्तीच्या वयाची अटही लागू नाही. 1952 सालीच नागपूरच्या उच्च न्यायालयाने तसा निर्णय दिला होता. अनुच्छेद 177 प्रमाणे महाधिवक्ता विधानसभेत आणि विधान परिषदेत बोलू शकतात, मतदान मात्र करू शकत नाहीत. आमदार नसलेल्या आणि मंत्रीही नसलेल्या माणसाला सभागृहात बोलण्याचा हक्क का दिला असेल, याचा विचार करा. आपण करतोय तो कायदा टिकेल की नाही, हे सभागृहाला जाणत्या माणसाच्या तोंडून ऐकता यावं, म्हणूनच ना? मराठा आरक्षणाच्या वाटाघाटींत मंत्र्यांच्या तोंडी ‘महाधिवक्त्यांशी बोलून कळवतो’ हे वारंवार आलं तेही याचसाठी.

आणखी काही अधिकार वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेले आहेत. न्यायालयाच्या फौजदारी अवमानाचा अर्ज खासगी व्यक्तीला करायचा असेल तर महाधिवक्त्यांची लेखी संमती लागते. सार्वजनिक उपद्रवाविरुद्ध ते स्वतः दावा लावू शकतात. राज्याच्या बार कौन्सिलचे ते पदसिद्ध सदस्य असतात. महाधिवक्त्यांशी लोक मंत्रालयातल्या विधी परामर्शींची गल्लत करतात. विधी परामर्शी हे विधी व न्याय विभागाचे अधिकारी, बहुधा न्यायिक सेवेतून आलेले. कोणत्या निकालाविरुद्ध अपील करायचं, याची फाईल त्यांच्या विभागातून फिरते. तुमच्या प्रकरणापुरतं बोलायचं तर महाधिवक्त्यांपेक्षा या फाईलचा प्रवास जास्त महत्त्वाचा.

आता इतिहास. कंपनी सरकारच्या काळात कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या इलाख्यांत हे पद आलं. 1935 च्या भारत सरकार कायद्याच्या कलम 55 ने प्रत्येक प्रांताला महाधिवक्ता दिला, आणि घटनेतल्या अनुच्छेदाची भाषा बरीचशी तिथूनच आली. मुंबई प्रांतात 1937 पासून मोतीलाल सेटलवाड या पदावर होते. 1942 मध्ये चले जाव आंदोलनावर सरकारने दडपशाही सुरू केल्यावर त्यांनी राजीनामा दिला. हेच सेटलवाड 1950 मध्ये देशाचे पहिले महान्यायवादी, म्हणजे केंद्र सरकारचे सगळ्यात वरचे वकील, झाले. पुढे होरमसजी सीरवाई 1957 ते 1974 इतका काळ, आधी मुंबई राज्याचे आणि मग महाराष्ट्राचे महाधिवक्ता राहिले. संसदेला घटना कुठपर्यंत बदलता येते हे ठरवणाऱ्या केशवानंद भारती खटल्यात 13 न्यायाधीशांसमोर केरळची बाजू त्यांनीच मांडली, तेव्हा ते आपल्या राज्याचे महाधिवक्ता होते.

पण हा सगळा इतिहास मुंबईचा. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. निजामाचे घटनात्मक सल्लागार होते वॉल्टर माँक्टन, इंग्लंडचे नावाजलेले बॅरिस्टर. भारताशी कराराचा मसुदा ठरत आला असताना 27 ऑक्टोबर 1947 ला पहाटे इत्तेहादच्या (मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन या संघटनेच्या) जमावाने वाटाघाटी करणाऱ्यांच्या घरांना वेढा घातला. माँक्टनसह त्या शिष्टमंडळाने राजीनामे दिले, आणि जैसे थे करार दुसऱ्याच शिष्टमंडळाने 29 नोव्हेंबरला केला. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. सल्लागार उत्तम होता, पण त्याच्यामागे राज्यघटना नव्हती, सभागृह नव्हतं. रस्त्यावरच्या जमावापुढे त्याच्या मताला काडीची किंमत उरली नाही. 17 सप्टेंबर 1948 नंतर आपण भारतात आलो आणि घटना लागू झाल्यावर हैदराबाद राज्याला स्वतःचा महाधिवक्ता मिळाला. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपले खटले मुंबईला. मनमाडला गाडी बदलून मुंबई गाठायची, हे आमच्याकडच्या जुन्या पक्षकारांनी वर्षानुवर्षं सोसलं.

खंडपीठ सुरू झालं 27 ऑगस्ट 1981 ला, मुख्य न्यायमूर्तींच्या आदेशाने. त्याला आव्हान दिलं गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयानेच तो आदेश रद्द केला. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात कोण गेलं? महाराष्ट्र शासन. 1982 मध्ये शासन जिंकलं, 1984 मध्ये खंडपीठ कायम झालं. आज आपले आठ जिल्हे आणि अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार यांचे खटले इथे चालतात. ‘सरकारी वकील म्हणजे आपल्याविरुद्धच’ असं मानणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो. खंडपीठासाठी शासनाचे वकील भांडले नसते तर तुमचं प्रकरण आज मुंबईत असतं.

मराठवाड्याशी थेट जोडलेला आणखी एक प्रसंग. मार्च 2016 मध्ये तेव्हाचे महाधिवक्ता श्रीहरी अणे जालन्यात एका कार्यक्रमात बोलले की मराठवाड्यावर विदर्भापेक्षाही जास्त अन्याय झालाय, आणि स्वतंत्र मराठवाड्याचा विषय त्यांनी काढला. अधिवेशन चालू होतं, मोठा गदारोळ झाला आणि 22 मार्चला त्यांनी राजीनामा दिला. अनुशेषाची गोष्ट खरीच आहे, ती आपण सगळे भोगतो. तरीही राजीनामा योग्य होता असं माझं ठाम मत आहे. राज्याच्या अखंडतेवर उद्या न्यायालयात प्रश्न आला तर राज्यातर्फे उभं राहायचं त्याच माणसाला. बंद दाराआड मंत्रिमंडळाला कितीही कडू सल्ला द्यावा, तो तर द्यायलाच हवा, पण व्यासपीठावरून स्वतःच्या पक्षकाराविरुद्ध बोलणं कुठल्याच वकिलाला शोभत नाही.

सल्ला शासनावर बंधनकारक नसतो, हेही लक्षात ठेवा. म्हणूनच पदावरच्या माणसाचा कणा महत्त्वाचा. ‘हा आदेश कोर्टात टिकणार नाही’ हे निर्णयाआधी सांगणारा महाधिवक्ता हजारो लोकांचे हेलपाटे वाचवतो. न सांगणाऱ्याचा खर्च शेवटी तुमच्या-माझ्यासारख्यांच्या तारखांत निघतो.

खाली, आमच्या पातळीवर काम कसं चालतं ते सांगतो, कारण तुमचा निकाल तिथे अडकलाय. याचिकेची प्रत सरकारी वकील कार्यालयात दिली की एजीपी संबंधित कार्यालयाकडून पॅरावाइज मागवतात, म्हणजे तुमच्या प्रत्येक मुद्द्यावर खात्याचं म्हणणं. ते तहसील किंवा भूसंपादन कार्यालयातून यायचं असतं. एखादा अव्वल कारकून फाईल बगलेत मारून एसटीने येतो, शपथपत्र होतं, कधी कागद अपुरे निघतात आणि पुढची तारीख पडते. मराठवाड्यात अडचण दुप्पट, कारण आपल्याकडे अजूनही हैदराबादचे कूळ आणि इनाम कायदे लागू आहेत. इनाम जमीन असेल तर मुंतखब, म्हणजे निजामकाळातला इनामाचा दाखला, लागतो, तो उर्दू-फारसीत, आणि ते वाचणारी माणसं कमी होत चालली आहेत. मुंबईत घडलेल्या वकिलाला खासरा पत्र (जमिनीचा जुना उतारा) आणि मुंतखब समजावून सांगण्यात सुनावणीचा निम्मा वेळ गेलेला मी पाहिलाय. महाधिवक्त्यांच्या हाताखाली या कागदांची जाण असलेले मराठवाड्यातले वकील भरपूर असावेत, ही आमची मागणी प्रांतवादाची नाही. शासनाची बाजूसुद्धा त्याशिवाय नीट मांडली जात नाही.

आता एवढं करा. उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर केस नंबर टाकून मागच्या तारखांचे आदेश काढा. शासनातर्फे कोण हजर होतं आणि वेळ कशासाठी मागितला, ते त्यात लिहिलेलं असतं. अपील शासनाचं असेल तर उशीरमाफीचा अर्ज मंजूर झालाय का, आणि मावेजाची रक्कम कोर्टात जमा झालीये का, हे तुमच्या वकिलांना विचारा. जमा असेल तर हमी देऊन ती उचलण्याचा अर्ज अपील चालू असतानाही करता येतो.