वाचकांचे प्रश्न : कारा वॉकर यांच्या काळ्या आकृत्या

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. अमेरिकन कलावंत कारा वॉकर यांच्या काळा कागद कापून केलेल्या आकृत्यांची छायाचित्रे नुकतीच पाहिली. गुलामांवरचे अत्याचार त्यांनी इतके उघडपणे आणि काही ठिकाणी तर थट्टेच्या सुरात दाखवले आहेत, की ज्यांनी ते भोगले त्यांचीच पुन्हा विटंबना होते आहे असे वाटले. स्वतः कृष्णवर्णीय असलेल्या कलावंताने असे का करावे? आणि नववीच्या मुलांना हे दाखवावे का?
— एक कलाशिक्षिका, कुडाळ

उत्तर : तुमची शंका अनाठायी नाही. १९९७ मध्ये, तिशीही न गाठलेल्या वॉकर यांना मॅकआर्थर पाठ्यवृत्ती हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा बेट्ये सार या ज्येष्ठ कृष्णवर्णीय कलावंतानेच त्यांच्याविरुद्ध पत्रांची मोहीम उघडली होती. गोऱ्या प्रेक्षकांना हवी तीच विकृत प्रतिमा वॉकर पुरवत आहेत, असा त्यांचा आक्षेप होता आणि तो आजही पूर्णपणे निकालात निघालेला नाही.

तरीही वॉकर यांनी हे माध्यम का निवडले, ते पाहिले पाहिजे. छायाचित्रण येण्यापूर्वी युरोप-अमेरिकेतल्या सुखवस्तू घरांत काळ्या कागदातून माणसाच्या चेहऱ्याची बाजू कापून ती चौकटीत लावण्याची हौस होती. त्या बाह्यरेषेवरून माणसाचा स्वभाव ओळखता येतो, असेही तेव्हा अनेकांना वाटे. हीच सभ्य, दिवाणखान्यात शोभणारी कला वॉकर भिंतभर मोठी करतात. लांबून पाहिले तर घेरदार झगे, टोप्या आणि झाडांच्या फांद्या नजरेत भरतात. जवळ गेल्यावर त्या झग्याआड काय चालले आहे ते कळते. त्यातही मालक आणि गुलाम दोघेही सारख्याच काळ्या कागदाचे असल्यामुळे कोण कोण आहे हे आपण ओठांच्या, नाकाच्या, केसांच्या रेषेवरून ठरवतो, म्हणजे वंशाचा ठोकळेबाज साचा आपल्याच डोक्यातून पुरवतो. अशी आकृती अगदी थोड्या माहितीत पुष्कळ सांगते आणि पूर्वग्रहाचे कामही तसेच चालते, असे वॉकर यांनीच म्हटले आहे. माझ्या मते विटंबना कागदावर जेवढी आहे त्याहून अधिक पाहणाऱ्याच्या नजरेत आहे, आणि तिथेच बोट ठेवायचे म्हणून त्या इतक्या निष्ठूर होतात.

२०१४ मध्ये ब्रुकलिनमधल्या बंद पडलेल्या डोमिनो साखर कारखान्यात त्यांनी साखरेने मढवलेली, सुमारे ३५ फूट उंचीची कृष्णवर्णीय स्त्रीरूपातली स्फिंक्स (माणसाचे डोके आणि सिंहाचे धड असलेली मूर्ती) उभारली. साखरेचे साम्राज्य ज्यांच्या घामावर उभे राहिले, त्या मळ्यांतल्या गुलामांना वाहिलेले हे काम होते. काही प्रेक्षकांनी तिच्यासमोर अश्लील हावभाव करून फोटो काढले. प्रदर्शनाच्या अखेरीला वॉकर यांनी या प्रेक्षकांचेच चित्रीकरण करून घेतले आणि तेही पुढे प्रदर्शनात मांडले.

नववीच्या वर्गात मात्र भिंतीवरच्या त्या मालिका सरसकट दाखवू नयेत. त्यांतली लैंगिक हिंसा सोसायला आणि समजायला वय लागते. २०१९ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात उभारलेल्या १३ मीटर उंच कारंज्यापासून सुरुवात करावी. बकिंगहॅम राजवाड्यासमोरच्या व्हिक्टोरिया राणीच्या स्मारकाचा घाट घेऊन त्यात विजयाच्या मूर्तींऐवजी शार्क, बुडत्या नावा आणि फाशीचा दोर टांगलेले झाड त्यांनी घडवले. दोन्हींची छायाचित्रे शेजारी ठेवून, कोणते स्मारक कोणाच्या बाजूने बोलते, एवढेच विचारावे.

शिवाय तुम्ही कुडाळच्या, म्हणजे पिंगुळी तुमच्या हाकेच्या अंतरावर. तिथल्या ठाकर कलावंतांच्या कातडी बाहुल्यांचा छायाखेळ मुलांनी पाहिला असेल, तर नुसत्या बाह्यरेषेवरून राम कोण आणि रावण कोण हे कसे ओळखले, असे विचारले तरी निम्मा पाठ तिथेच होईल. (या कलेसाठी पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री जाहीर झाला, हेही मुलांना जरूर सांगा.) वॉकर यांनीही आपल्या चित्रफितींत छायाबाहुल्या वापरल्या आहेत.

प्रश्न : आपल्याकडे जातीवर असे धारदार काम कोणी केले आहे का?
— एक विद्यार्थी, महाड

उत्तर : नागपूरचे सावी सावरकर यांची रेखाटने आणि मुद्राचित्रे पाहावीत. पेशवाईतल्या अस्पृश्याच्या गळ्यातले मडके त्यांनी चित्रात आणले, आणि तेही कुठलीही सजावट न करता, ओबडधोबड, काळ्या रेषेत. चवदार तळ्याच्या गावी राहून १९२७ च्या सत्याग्रहाविषयी तुम्ही ऐकतच वाढला असाल, त्यामुळे त्या मडक्यावर कुणी टीप लिहिण्याची गरज तुम्हाला भासणार नाही.