दाताच्या इम्प्लांटचा स्क्रू जबड्यात बसवल्यावर त्यावर दात लावायला डॉक्टर इतके महिने का थांबवतात?

जबड्याचं हाड स्क्रूला थेट चिकटून वाढावं म्हणून थांबवतात. खालच्या जबड्यात याला साधारण ३ महिने लागतात, वरच्यात ४ ते ६, कारण वरचं हाड जास्त सच्छिद्र असतं. इम्प्लांट सिमेंटनं हाडात चिकटवलेलं नसतं. स्क्रू टायटॅनियमचा असतो, आणि या धातूला शरीर परकं मानून दूर लोटत नाही. हाडाच्या पेशी त्याच्या खरबरीत पृष्ठभागावरच नवं हाड तयार करतात. स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास हे योगायोगानंच कळलं. सशाच्या हाडात प्रयोगासाठी बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण नंतर निघेचना! १९६५ मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचं असं पहिलं इम्प्लांट बसवलं. स्क्रू हाडात मुरण्याआधीच चावण्याचा जोर पडून तो हलत राहिला, तर भोवती हाडाऐवजी मऊ तंतूंचा थर येतो आणि सगळंच सैल होतं. मुरल्यावर त्यावर जोडणीचा छोटा खुंट आणि त्यावर कॅप, म्हणजे दिसणारा दात. ब्रिजसारखं (म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेल्या खोट्या दातासारखं) शेजारचे चांगले दात घासावे लागत नाहीत, हा मोठाच फायदा. मात्र हाड भरपूर आणि स्क्रूची पकड घट्ट असेल तर काही वेळा त्याच दिवशी तात्पुरता दात देतात, विशेषतः पुढच्या दातांना. उलट अनियंत्रित मधुमेह असेल किंवा तंबाखू-सिगारेट चालू असेल, तर घाई करूच नका.