नायक-नायिकेला मित्रच राहू दे

प्रिय नवपटकथाकारास,

तुझा खर्डा वाचला. त्या दोघांत निखळ मैत्री दाखवायची आहे, पण वाचणारा प्रत्येक जण ‘यांचं जमतं कधी?’ असंच विचारतो, ही तुझी तक्रार. वाचणाऱ्यांना दोष देऊ नकोस. नायक आणि नायिका एका चौकटीत आले की पुढे काय होणार हे सिनेमानेच त्यांना वर्षानुवर्षं शिकवलं आहे. ती सवय मोडायची तर लिखाणातच मोडावी लागते.

आधी एक सोपं काम. ‘आमच्यात तसं काही नाही’ या अर्थाचं वाक्य खर्ड्यात पाच ठिकाणी आहे. पाचही काढ. पडद्यावर असा नकार म्हणजे पुढच्या होकाराची पेरणी, हे प्रेक्षकाला पाठ आहे. त्यांना चिडवणारी मैत्रीण आणि सूचक हसणारा शेजारी यांनाही हेच लागू. शंका पात्रांनी बोलून दाखवली की प्रेक्षक ती धरूनच बसतो.

खरी अडचण मात्र याहून खोल आहे. तुझ्या कथेत मैत्रीपुढे कसलाच प्रश्न उभा नाही. प्रेमकथेत तो आपोआप असतो: एकत्र येतील की नाही? तुझी दोघं गप्पा मारतात, हसतात, एकमेकांची काळजी घेतात, पण त्यातून पुढे काय होणार हे कळत नाही. मग प्रेक्षक हाताशी असलेला प्रश्न उचलतो, आणि तो प्रेमाचा असतो. म्हणून मैत्रीला तिचा स्वतःचा प्रश्न दे. तिच्या चुकीची शिक्षा त्याला भोगावी लागणार असेल तर ती तोंड उघडेल का? त्याच्या कामात आता दम राहिलेला नाही, हे ती त्याला तोंडावर सांगेल का? पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. त्या हिशेबाने हा प्रश्न पहिल्या पंचवीस-तीस पानांत उभा राहायला हवा. तुझ्याकडे तो बहात्तराव्या पानावर येतो, तोवर प्रेक्षकाने त्यांचं लग्न लावून टाकलेलं असतं.

‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ (2015) मधला बंदुकीचा प्रसंग नीट बघ. शेवटची गोळी उरलेली असते. मॅक्सचे आधीचे नेम चुकलेले असतात. तो मुकाट्याने बंदूक नायिका फ्युरिओसाच्या हाती देतो, आणि ती नळी त्याच्याच खांद्यावर टेकवून नेम धरते. दोघं अगदी चिकटून आहेत, तरी मनात प्रेमप्रकरण येत नाही, कारण सगळं लक्ष त्या गोळीवर आहे. ‘ती माझ्यापेक्षा सरस आहे’ हे त्याने कृतीने मान्य केलं, आणि त्यांचं नातं तिथेच पक्कं झालं. तुझ्या दोघांना असं एकत्र करायचं काम दे. समोरासमोर बसवून मन मोकळं करायला लावण्याऐवजी, शेजारी उभं राहून तिसऱ्याच गोष्टीकडे बघायला लाव.

भांडणाचंही तसंच. सध्याचं तुझं मोठं भांडण तो नव्या मुलीसोबत फिरतो यावरून होतं. तो मत्सर झाला, आणि मत्सर कथेला थेट प्रेमाच्या रुळावर नेतो. मैत्री विश्वासघाताने मोडते: गुपित फोडलं, गरजेच्या वेळी पाठ फिरवली, खोटं कौतुक केलं. भांडण लिहून झालं की दोघांच्या जागी दोन पुरुष किंवा दोन बाया कल्पून वाच. भांडण तसंच्या तसं उभं राहिलं तर पाया ठीक आहे. सगळे प्रसंग मात्र या चाचणीला लावू नकोस. बाई आणि पुरुष यांच्या मैत्रीचा स्वतःचा पोत असतो. एकाला जे सहज मिळतं ते दुसऱ्याला झगडून मिळवावं लागतं, हे त्यांना एकमेकांकडे बघूनच कळतं. तो पोत घासून काढलास तर कथा बेचव होईल.

पळवाटा टाळ. एकाला विवाहित करणं, भावा-बहिणीचं नातं चिकटवणं, एकाला निव्वळ विनोदी करून टाकणं, या सगळ्यांचा अर्थ एकच: मध्ये भिंत नसती तर हे प्रेमातच पडले असते. जोडीदार हवा असेल तर त्याला खरा माणूस कर. किमान तीन प्रसंग दे, आणि त्यातल्या एकात त्याची गाठ दुसऱ्या मित्राशी घाल.

आता चित्रीकरण. हे दिग्दर्शकाचं क्षेत्र असलं तरी बी तुझ्या वर्णनातच असतं. ‘ती त्याच्याकडे क्षणभर बघत राहते’ असं तू अकरा वेळा लिहिलं आहेस. सोव्हिएत दिग्दर्शक लेव कुलेशोवच्या जुन्या प्रयोगांतून दिसलं होतं की एकाच निर्विकार चेहऱ्यापुढे वेगळी चित्रं जोडली की प्रेक्षक त्या चेहऱ्यावर वेगळे भाव वाचतो. तिचा क्लोजअप, त्याची पाठ, पुन्हा तिचा क्लोजअप, एवढ्याने प्रेक्षक प्रेम वाचणारच, अभिनेत्रीने काहीही केलं तरी. दोघं एकाच फ्रेममध्ये, कमरेपासून वर, आणि दोघांचे हात कशात तरी गुंतलेले, असं लिही. प्रसंग संपल्यावर चेहऱ्यावर रेंगाळू नको. शेवटच्या शब्दावर किंवा कृतीवर तोड. संकलनात एका सेकंदात चोवीस फ्रेम असतात, आणि जास्तीच्या बारा फ्रेमनीही साधी नजर ओढीची वाटू शकते. स्पर्श लिहायचा तर पुरा लिही: पाठीवर थाप, मिठी, हात धरून खेचणं. बोटं जवळ येऊन थांबतात, असा अर्धवट स्पर्श कधीच नको. आणि त्या दोघांसाठी वेगळी हळवी धून सुचवू नकोस.

शेवटाला सगळ्यात जास्त वेळ दे, कारण मोह तिथेच होतो. ‘व्हेन हॅरी मेट सॅली’ (1989) च्या मूळ आराखड्यात दोघं एकत्र येत नव्हते. पुढे तो शेवट बदलला. उलट ‘पॅसिफिक रिम’ (2013) मध्ये एक महाकाय यंत्रमानव मिळून चालवणारे नायक-नायिका जीव वाचल्यावर कपाळाला कपाळ टेकवतात, चुंबन नाही, आणि काही राहून गेल्यासारखं वाटत नाही, कारण एकमेकांच्या मनात शिरून एकत्र लढण्याचा त्यांचा प्रश्न सुटलेला असतो. तुझा शेवट मात्र स्टेशनवरचा निरोप आहे: गाडी सुटते, ती वळून बघते. हा विरहाचा शेवट आहे, मैत्रीचा नाही. त्याऐवजी सुरुवातीला उभा केलेला प्रश्न तिथे सुटू दे, आणि त्यांना पुन्हा कामाला लागलेलं दाखव.

पुढचा खर्डा पाठवण्याआधी दोघांचा एकत्र असलेला प्रत्येक प्रसंग वेगळा काढ आणि समासात एका ओळीत लिही: या प्रसंगात कोणी कोणासाठी काय पणाला लावलं? जिथे ओळ सुचणार नाही, तो प्रसंग मला न पाठवता आधी तूच काढून बघ.

तुझ्या लिखाणाची वाट बघणारा,
एक जुना पटकथाकार