हेडर आणि प्लग वायर

इंजिनला हेडर, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच, बसवलेस, आता आधी स्पार्क प्लगच्या वायरींकडे बघ. शेवरोलेच्या ३५० व्ही-८ इंजिनमध्ये प्लग हेडरच्या नळ्यांना अगदी खेटून येतात. हेडरच्या जागी आधी असलेल्या, कारखान्याच्या बिडाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डभोवती बसणाऱ्या वायरी तिथे टिकतीलच असं नाही.

वायरीवर नुसती फायबरग्लासची स्लीव्ह चढवून निर्धास्त होऊ नकोस. तापलेल्या नळीला टेकलेली वायर स्लीव्ह असूनही हळूहळू भाजतेच. खरा बचाव मधल्या मोकळ्या जागेचा. म्हणून बूट, म्हणजे वायरीच्या टोकाचं प्लगवर बसणारं टोपण, नीट निवड. सरळ, ४५ अंश की ९० अंश, हे प्रत्येक प्लगपाशी हात घालून ठरव. सगळीकडे एकच कोन चालेल असं धरून चालू नकोस. जिथे बोटभरही जागा नाही, तिथे सिरॅमिक बूट लाव. महाग आहेत, पण तिथे पैसे वाचवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

वायरी सेपरेटरमध्ये, म्हणजे त्यांना एकमेकींपासून वेगळ्या धरणाऱ्या क्लिपमध्ये, अडकव. त्यातही ५ आणि ७ नंबरच्या वायरी शेजारी-शेजारी नेऊ नकोस. हे शेजारचे सिलिंडर पाठोपाठ पेटतात, त्यामुळे एकीचा करंट दुसरीत उतरून चुकीच्या वेळी ठिणगी पडू शकते.

बुटात डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस लाव, थोडंसंच. काढताना वायर ओढू नकोस, बूट धरून पिळ.

आणि एक, इंजिन बंद असताना मोकळी दिसणारी वायर रेस दिल्यावर नळीला लागू शकते, कारण इंजिन माउंटवर कलतं. रात्री अंधारात बॉनेट उघडून बघ. ठिणगी बाहेर उडत असेल तर निळसर चमकताना दिसेल.