ऑफिसात बसण्याआधी

म्हापशाचं काजूचं दुकान सोडून आता पर्वरीच्या ऑफिसात बसणार म्हणतोस, तर एक सांगतो. गिऱ्हाईक मालकापासून एका दिवसात तुटत नाही. काउंटरवरचा मुलगा ऐकतो, "काजू गेल्या खेपेसारखे कुरकुरीत नाहीत." तो सुपरवायझरला सांगतो, "एकदोन तक्रारी आहेत." सुपरवायझर मॅनेजरला म्हणतो, "किरकोळ." तुझ्या टेबलावर येतो फक्त विक्रीचा आकडा, आणि डिसेंबरात पर्यटकांमुळे तो चढलेलाच असतो! नेहमीचं गिऱ्हाईक गेलंय हे कळतं थेट पावसाळ्यात.

नुसत्या सर्व्हेवरही विसंबू नकोस. कोका-कोलाने १९८५ मध्ये सुमारे २ लाख लोकांकडून चव तपासून घेतली आणि नवा कोक आणला. चाचणीत तो जिंकला होता. जुना बंद झाल्यावर लोक किती चिडतील, हे मात्र वरच्यांना उमगलं नाही. तीन महिन्यांच्या आत जुना परत आणावा लागला.

म्हणून शुक्रवारच्या बाजाराला काउंटरवर उभा राहा. आपलंच पाकीट ओळख न देता, पैसे मोजून घे. ऑफिसातले फुकटचे काजू खाऊन काही कळत नाही. आणि वाईट बातमी आणणाऱ्यावर खेकसू नकोस, पुढच्या वेळी तो गप्प बसेल.