गोळ्या सुरू केल्या अन् नागीण उठली

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत काही मुलांना नागीण उठते आणि घरचे सगळा ठपका गोळ्यांवर ठेवतात. नागपूरच्या आमच्या केंद्रात आलेल्या उमरेडकडच्या एका आजींचंही तेच झालं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नातू नऊ वर्षांचा, आईबाप नाहीत. “गोळ्यांनंच झालं ना मॅडम? बंद करून टाकू का? डोकं अन् शेपूट जुळलं तं पोट्टा हातचा जाईन!”

शर्ट वर केला तर डाव्या बरगडीवर गेरूचा जाड लेप, वाळून भेगाळलेला, कडेला पाण्याने टरारलेले फोड. पोराला कापडाचा स्पर्शही सोसवत नव्हता.

आधी विळख्याचंच बोलले. ती भीती मनात असेपर्यंत दुसरं काही कानात शिरत नाही. नागीण बाहेरून येत नाही. या मुलाला पूर्वी कांजिण्या झाल्या होत्या, आजींच्या भाषेत ‘माता आली होती’. तोच विषाणू कण्यालगत नसांच्या मुळाशी दबून राहतो आणि पुढे एखाद्या नसेच्या वाटेने कातडीवर येतो. म्हणून पट्टा बहुधा एकाच बाजूला असतो. डोकं-शेपूट जुळून कुणी दगावत नाही.

आता गोळ्या. एचआयव्हीने खचलेली प्रतिकारशक्ती गोळ्यांनी सावरू लागते, दबलेल्या विषाणूशी झुंजू लागते, आणि त्याच काळात नागीण उठू शकते. म्हणजे गोळ्या लागू पडत असतानाही हे होतं. त्या मधेच सोडल्या तर एचआयव्ही पुन्हा बळावतो, पुढे त्याच गोळ्यांना दाद देईनासा होऊ शकतो. आजींना हे मी तीनतीनदा सांगितलं: एकही डोस चुकवायचा नाही.

नागिणीचं औषध, असायक्लोव्हिर, पहिल्या 72 तासांत सुरू झालेलं बरं. इथे उशीर झाला होता, तरी नवे फोड येतच होते, म्हणून डॉक्टरांनी लगेच सुरू केलं. नर्सताईंनी लेप कोमट पाण्याने भिजवून हळूहळू सोडवला. त्याखाली जखम चिघळू शकते. तापाला ॲस्पिरिन द्यायची नाही. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले, अंगभर पसरले, धाप लागली, तर रात्र असली तरी नागपूरचं मेडिकल किंवा मेयो, म्हणजे सरकारी रुग्णालय, गाठायचं.

धाकट्या बहिणीला कांजिण्या झालेल्या नव्हत्या, लसही नव्हती. फोडांच्या पाण्यातून तिला कांजिण्या होऊ शकतात, म्हणून पट्टा झाकलेला, टॉवेल-अंथरूण वेगळं. खपल्या धरल्या की शाळा. शाळेला एचआयव्हीबद्दल सांगायची सक्ती नाही. 2017 च्या कायद्याने ती माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिला आहे.

एक गोष्ट सगळ्याच पालकांना सांगते. एचआयव्ही असलेल्या तुमच्या मुलाला कांजिण्या झालेल्या नसतील आणि वर्गात किंवा शेजारी कुणाला झाल्या, तर पुरळ उठायची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. संसर्ग टाळण्याचे उपाय सुरुवातीच्या दिवसांतच उपयोगी पडतात. लस जिवंत विषाणूची असते, त्यामुळे सीडी4 (प्रतिकारशक्तीच्या पेशींचं प्रमाण) बघून डॉक्टरच ठरवतील.