आपले प्रश्न : झाडावरची अळंबी आणि औषधाचा काढा

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे अळंबीविषयीची पत्रे वाढतात. यंदा त्यातील बहुतेक पत्रे भाजीच्या अळंबीविषयी नसून औषधी अळंबीविषयी आहेत. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. मूळ पत्रे मोठी असल्याने त्यांचा सारांश दिला आहे.

आमच्या आजीच्या डब्यात फणसाच्या झाडावरचा एक काळपट, लाकडासारखा तुकडा असे. ती त्याला फणसोंबा म्हणत असे आणि लहान मुलांच्या तोंडातून फार लाळ गळू लागली किंवा हिरड्या दुखावल्या की तो सहाणेवर उगाळून लावत असे. आमच्या परसातील फणसावर आता तसेच काहीतरी उगवले आहे. माझ्या आठ महिन्यांच्या नातीला ते उगाळून द्यावे का? — एक वाचक, सावंतवाडी

आपल्या आजीने सांगितलेला उपयोग कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात जुना आहे. मुलांच्या आमांशावरही फणसोंबा दिला जात असे. मात्र फणसोंबा हे एका जातीचे नाव नव्हे. फेलिनस या कुलातील दिसायला सारख्या अशा अनेक जाती या नावाखाली येतात, आणि काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा तुकडा कोणत्या जातीचा आहे हे दुकानदारालाही सांगता येईलच असे नाही.

आपल्या परसातील अळंबे त्या गटातील आहे का, हे पाहण्याची रीत सोपी आहे. फेलिनस अनेक वर्षे जगते, दरवर्षी खालच्या बाजूने नवा थर धरते आणि लाकडाइतके कठीण होते. वरचा भाग काळपट, भेगाळलेला असतो, खालच्या बाजूस कल्ले (छत्रीखाली असतात तशा पातळ पट्ट्या) नसून बारीक छिद्रे असतात आणि तोडल्यावर आतील गर गंजासारखा तपकिरी दिसतो. त्या गरावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणाचा थेंब टाकला की तो लगेच काळा पडतो. महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात ही परीक्षा सहज होईल. हे द्रावण त्वचा भाजणारे असल्याने घरी करू नये. या परीक्षेने गट कळतो, जात कळत नाही. शिवाय अळंबे फणसावर उगवले एवढ्यावरून ते फणसोंबाच आहे असेही ठरत नाही, कारण एकाच फणसावर चार निरनिराळी कवके सुखाने नांदू शकतात.

आता मूळ प्रश्न. आठ महिन्यांच्या मुलीला ते देऊ नये. या वयात लाळ गळते ती बहुधा दात येत असल्याने, आणि त्याला औषध लागत नाही. जुलाब होत असतील तर जलसंजीवनी आणि डॉक्टर हाच मार्ग आहे, कारण एवढ्या लहान मुलाच्या अंगातील पाणी काही तासांत धोक्याइतके कमी होऊ शकते. आजीचा तुकडा कोणाकडून आला, तो किती वर्षे जुना होता, ती किती वेढे उगाळत असे, हे सारे तिच्या हाताला ठाऊक होते. तो हात आज आपल्याजवळ नाही आणि परसातील तुकड्याची ओळखही पटलेली नाही. तुकडा जरूर जपून ठेवावा, पण बाळाच्या तोंडात घालू नये.

आमच्या सोसायटीतील गुलमोहराच्या बुंध्याशी लाखेचे पॉलिश केल्यासारखे चकचकीत, तांबूस तपकिरी अळंबे आले आहे. व्हॉट्सॲपवर आलेल्या संदेशानुसार ही महागडी रेशी आहे. ती कशी काढावी, कशी वाळवावी आणि औषध कसे करावे? — एक वाचक, पुणे

अळंबे तोडण्याआधी झाडाकडे पाहावे. बुंध्याशी असे अळंबे येते तेव्हा त्याचे कवकजाल, म्हणजे बारीक तंतूंचे जाळे, खोडात आणि मुळांत बरेच आधी पसरलेले असते आणि आतील लाकूड कुजत असते. अळंबे काढल्याने ती कूज थांबत नाही. गुलमोहर मुळात ठिसूळ लाकडाचा. त्यामुळे महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवून झाड तपासून घेणे हे औषधापेक्षा तातडीचे आहे, विशेषतः खाली वाहने उभी राहत असतील किंवा मुले खेळत असतील तर.

आपल्या वर्णनावरून हे गॅनोडर्मा कुलातील अळंबे असावे. वाढती कड पांढरी-पिवळसर, खालची बाजू पांढरी व नखाने ओरखडल्यास तपकिरी होणारी, आणि आसपासच्या पानांवर कोको पावडरसारखी बीजाणूंची धूळ बसलेली, अशा खुणा जुळल्या तर कुलाविषयी शंका राहत नाही. जातीविषयी राहते. चीन आणि जपानमध्ये ज्याला लिंगझी किंवा रेशी म्हणतात त्याला अनेक वर्षे गॅनोडर्मा ल्युसिडम हे नाव चिकटवले गेले, पण ते नाव १७८१ साली इंग्लंडमधील अळंब्याला दिलेले होते. चीनमध्ये लागवड होणारी जात वेगळी असल्याचे दाखवून २०१२ साली तिला गॅनोडर्मा लिंगझी असे नाव देण्यात आले. तेव्हा पुण्याच्या गुलमोहरावरील अळंबे रेशीचा भाऊबंद आहे एवढे म्हणता येईल. रेशीवर झालेल्या संशोधनाचे श्रेय त्याला देता येणार नाही.

रस्त्याकडेच्या झाडावरील अळंबी औषधासाठी घेऊच नयेत. अळंबी शिसे व कॅडमियमसारखे जड धातू साठवून ठेवतात, आणि उकळल्याने धातू नाहीसे होत नाहीत. सोसायटीत वाळवीसाठी फवारणी होत असेल तर ती भर निराळीच.

कृती विचारलीच आहे, तर लागवडीच्या, खात्रीच्या मालासाठी ती सांगतो. ओले असतानाच अळंब्याचे पातळ काप करावेत, कारण वाळल्यावर त्याला सुरी लागत नाही, करवत लागते. काप एकावर एक न ठेवता सावलीत वारा खेळता ठेवून वाळवावेत. पावसाळी हवेत हे जमत नाही, म्हणून पन्नास अंशांच्या आसपास ठेवलेल्या वाळवणयंत्राचा आधार घ्यावा. वाकवल्यावर काप न मोडता दबला तर ओलावा शिल्लक आहे असे समजावे. बुरशीचा हिरवा-पांढरा लव दिसला तर तेवढाच भाग खरवडून बाकीचा ठेवण्याची काटकसर करू नये; सर्व टाकून द्यावे.

अळंब्याच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या, म्हणजे खेकड्याच्या कवचात असते त्याच द्रव्याच्या असतात. कच्ची पूड दुधात घालून प्यायली तर तिच्यातील फार थोडे अंगी लागते. बीटा-ग्लुकान ही बहुशर्करा बाहेर काढण्यासाठी गरम पाणी आणि वेळ दोन्ही लागतात, म्हणून चहासारखे पाच मिनिटे उकळून भागत नाही. स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात मंद आचेवर दोन तास काढा करावा, पाणी निम्म्यावर आले की गाळावे, चोथा पुन्हा एकदा उकळावा आणि दोन्ही काढे एकत्र करावेत. चिनी औषधकोशात लिंगझीची दिवसाची मात्रा वाळलेल्या कापांच्या ६ ते १२ ग्रॅमची दिलेली आहे. काढा कडू होतो; तो कडूपणा ट्रायटर्पीन गटातील द्रव्यांचा आहे. ही द्रव्ये पाण्यात कमी आणि मद्यार्कात अधिक उतरतात, म्हणून परदेशात मद्यार्काचा अर्कही काढतात. आपल्याकडे कोणी रंगकामाच्या दुकानातील स्पिरिट वापरून तसा प्रयोग करील या भीतीने स्पष्ट लिहितो की त्यात मिथेनॉल असते आणि ते आंधळेपणा आणते.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनी, मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी, यकृताचा विकार असणाऱ्यांनी आणि शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी गॅनोडर्मा डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये. त्याच्या पुडीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

आमच्याकडे सात्या, म्हणजे रानातील अळंबी, शिजवताना भांड्यात चांदीचे नाणे टाकतात. नाणे काळे पडले नाही तर ती बिनविषारी, असे मामा सांगतात. औषधी अळंबीलाही हीच परीक्षा चालेल का? — एक वाचक, चंद्रपूर

ही परीक्षा कोणत्याच अळंबीला चालत नाही, आणि या पत्रांपैकी जीव वाचवू शकेल असा प्रश्न हाच आहे. चांदी काळी पडते ती गंधकयुक्त द्रव्यांनी; उकडलेल्या अंड्यानेही पडते. अळंबीतील सर्वांत घातक विष अमाटॉक्सिन, आणि त्याने चांदीचा रंग बदलत नाही. भातासोबत शिजवून भाताचा रंग पाहणे, लसूण टाकणे, किड्यांनी किंवा गोगलगायींनी खाल्लेले असल्यास चांगले समजणे, या साऱ्यांची किंमत तेवढीच, म्हणजे शून्य. गोगलगायीचे शरीर आणि माणसाचे यकृत यांचा काही संबंध नाही.

अमाटॉक्सिन शिजवून, वाळवून किंवा मीठ-हळद लावून नष्ट होत नाही. अमॅनिटा, लेपिओटा आणि गॅलेरिना या कुलांतील काही जातींत ते असते. त्याचा कावेबाजपणा वेळेत आहे. खाल्ल्यानंतर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही. मग उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. दुसऱ्या दिवशी बरे वाटू लागते आणि घरचे निश्चिंत होतात. आणि त्याच वेळी यकृत निकामी होत असते. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातील अळंबी खाऊन १३ जण दगावले, त्यांत चहामळ्यांतील कुटुंबांचा भरणा होता. म्हणून खाल्ल्यानंतर सहा तासांहून उशिरा उलट्या सुरू झाल्या तर त्याला साधी विषबाधा समजू नये. जिल्हा रुग्णालय गाठावे, बरे वाटले तरी परत फिरू नये, आणि शिजवलेली उरलेली भाजी व कच्ची अळंबी कागदी पिशवीत घालून सोबत न्यावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती काही तासांत कुजतात.

आता औषधी अळंबीविषयी. आपल्या रानातील लोकांनी औषधासाठी मुख्यतः झाडावरची, लाकडासारखी, छिद्रांची अळंबी निवडली यात मला मोठे शहाणपण दिसते. वरील प्राणघातक जाती छत्रीच्या, कल्ल्यांच्या आणि मऊ आहेत. ज्याला अजून एकही जात खात्रीने ओळखता येत नाही त्याने छत्रीच्या वाटेला औषधासाठी तरी जाऊ नये. सुश्रुतानेही अळंबीची विभागणी ती कशावर उगवते यावरून केली आहे : पेंढा, ऊस, शेण, बांबू आणि जमीन. आधार पाहायचा ही सवय जुनीच आहे. ती पुरेशी मात्र नाही.

जर्मनीत राहतो. येथे जंगलात टर्की टेल हे अळंबे विपुल आहे आणि जपानमध्ये ते कर्करोगाचे मान्य औषध असल्याचे वाचले. माझ्या आईला केमोथेरपी चालू आहे. तिला याचा काढा पाठवावा का? एका मित्राने बर्च झाडावर वाढणारे चागा हे कवकही सुचवले आहे. — एक वाचक, श्टुटगार्ट

आपल्या आईंना आराम पडो. आपण वाचले ते खरे आहे, पण अर्धे. ट्रॅमेटिस व्हर्सिकलर या अळंब्यापासून मिळवलेल्या पीएसके या द्रव्याला जपानने १९७७ साली मान्यता दिली. ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या एका ठरावीक वाणाच्या कवकजालातून शुद्ध केलेले असे, आणि शस्त्रक्रिया व केमोथेरपी यांच्या जोडीला दिले जात असे, त्यांच्याऐवजी नव्हे. रानातून खुडलेल्या टर्की टेलचा काढा म्हणजे ते औषध नव्हे, आणि केमोथेरपी चालू असताना तो आईंच्या डॉक्टरांच्या संमतीशिवाय देऊ नये. आपल्याला स्वतःला ते ओळखायला शिकायचे असेल तर खालची बाजू भिंगाने पाहावी : खऱ्या टर्की टेलला बारीक छिद्रे असतात, तर स्टेरियम नावाच्या तोतयाची खालची बाजू गुळगुळीत असते. तेथील हौशी कवकप्रेमींच्या मंडळात नमुना दाखवून घेणे उत्तम.

चागाला मात्र माझा स्पष्ट नकार आहे. त्यात ऑक्झलेट या मूत्रपिंडांना अपाय करू शकणाऱ्या द्रव्याचे प्रमाण फार असते, आणि जपानमध्ये यकृताचा कर्करोग असलेल्या एका ७२ वर्षांच्या स्त्रीचे मूत्रपिंड सहा महिने रोज चार-पाच चमचे चागाची पूड घेतल्याने निकामी झाल्याची नोंद २०१४ साली प्रसिद्ध झाली. केमोथेरपीत मूत्रपिंडांवर आधीच ताण असू शकतो.

पिथौरागढच्या बाजूस ट्रेकला जाणार आहोत. किडाजडी दिसली तर उचलावी का? — एक वाचक, नाशिक

उचलू नये. किडाजडी, म्हणजे अळीच्या शरीरावर वाढणारे हिमालयातील कवक, काढण्याचा हक्क तेथील गावांचा आहे आणि त्यांचे वर्षाचे उत्पन्न त्यावर चालते. २०२० साली तिची नोंद धोक्यातील जातींच्या यादीत झाली आहे. शिवाय तिच्यात आर्सेनिक अधिक आढळल्याने २०१६ साली चीनच्या औषध नियामकानेही इशारा दिला होता.

रोयण अळमी औषधी असते का, आणि ती घरी लावता येईल का? — एक वाचक, फोंडा

रोयण, म्हणजे वारुळावर उगवणारी अळंबी, हे उत्तम अन्न आहे. तिला औषध म्हणण्याची घाई मी करणार नाही. ती घरी लावता येत नाही, कारण तिची शेती वाळवी करते. वारुळाच्या आत वाळवी चघळलेल्या पालापाचोळ्याची मधाच्या पोळ्यासारखी बाग रचते, त्या बागेवर टर्मिटोमायसिस हे कवक वाढवते, आणि पावसात त्याच बागेतून अळमी लांब मूळ घेऊन वर येते. हे मूळच तिची मोठी खूण असल्याने ओळख पटेपर्यंत अळमी कापू नये, दांड्याशी धरून हळूच मुळासकट उपसावी. परसबागेत आणि हिरवळीवर येणाऱ्या हिरवट कल्ल्यांच्या विषारी छत्रीला असे मूळ नसते. छत्रीचे कल्ले खाली करून रात्रभर काचेवर झाकून ठेवल्यास रोयणीच्या बीजाणूंचा ठसा फिकट गुलाबी पडतो, त्या विषारी छत्रीचा हिरवट.

एक-दोन अळमी ओळखीसाठी उपसल्यानंतर बाकीची जमिनीलगत कापावीत आणि पूर्ण उमललेली काही जागीच सोडावीत. वारूळ कुदळीने फोडले तर बागच मोडते आणि त्या जागी पुढच्या वर्षी काही उगवत नाही. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव यांसारख्या अभयारण्यांत तर परवान्याशिवाय अळमी काढणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. बाजारात टोपली घेताना ती कोठून आणली, हे विकणारीला जरूर विचारावे.